शेफील्डचं एक बॉटल शॉप आणि तिथल्या बिअर चाखायच्या संध्याकाळी

शेफील्डमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना बिअरबद्दल थोडंफार कुतूहल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शहराच्या दक्षिणेला, जिथून चढ लागतो तिथे, पूर्वी बूट दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्या जागी एक बॉटल शॉप आहे. दिवसभर तिथे बाटल्या आणि कॅन विकतात. महिन्यातल्या दोन गुरुवारी संध्याकाळी मात्र मधली रॅकं भिंतीला सरकवून लांब टेबल मांडतात आणि 14 माणसं सहा बिअर चाखायला बसतात. तिकीट 28 पौंड, वेळ साधारण दोन तास. मी गेली काही वर्षं या संध्याकाळींना नेमाने जाते, आणि यंदाच्या जानेवारीत तर मालकिणीने एक संध्याकाळ माझ्याच हाती सोपवली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते सांगते. आणि आधीच सांगून टाकते: पैसे पुरेपूर वसूल होतात, आणि बिअरमधलं काहीही कळत नसेल तरी जावं. उलट काही कळत नसेल तर जरूरच जावं.

मी मूळची सांगलीची. आपल्याकडच्या बिअर शॉपीसमोर बाई म्हणून उभं राहणं काय असतं, ते माझ्या वयाच्या कुणालाही वेगळं सांगायला नको. जाळीच्या खिडकीतून पैसे सरकवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काळ्या पिशवीत घ्यायची आणि निघायचं. दुकानदार विचारणार एवढंच, की स्ट्राँग का माइल्ड, आणि थंड हवी का. परमिट रूममध्ये गेलं तर फॅमिली सेक्शनचा पडदा. बिअरची चव कशी आहे, ती कशामुळे तशी आहे, हे विचारण्याची सोय कुठेच नव्हती. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झालं, मग हळूहळू बाकीच्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवून देणारी छोटी ठिकाणं, आल्या आणि चित्र बरंच बदललं. पण तोवर मी देश सोडला होता.

म्हणून या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मालकिणीने जे विचारलं त्याचं मला फार अप्रूप वाटलं. कोणती बिअर पिता, असं तिने विचारलंच नाही. चहा कडक घेता की दुधाळ? काळी कॉफी चालते का? ग्रेपफ्रूटचा कडवटपणा आवडतो की तोंड वाकडं होतं? चार-पाच प्रश्न झाल्यावर तिने दोन बाटल्या काढून दिल्या आणि म्हणाली, यातली जी आवडणार नाही ती का आवडली नाही, तेवढं येऊन सांगा. या एका गोष्टीवर तिचे सगळे गुरुवार उभे आहेत. समोरच्याला जी भाषा येते त्या भाषेत ती चवीबद्दल बोलते. 'मोझेक' आणि 'सिट्रा' ही हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, नावं तुम्हाला पाठ असण्याची तिला गरज वाटत नाही.

असे कार्यक्रम प्रत्येक बाटलीवाल्या दुकानात होत नाहीत, कारण इंग्लंडमध्ये 2003 च्या लायसन्सिंग कायद्याखाली दारू विकून घरी न्यायला देणं आणि तिथेच बसून प्यायला देणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. या दुकानाने दोन्ही घेतल्या आहेत. शिवाय गाव शेफील्ड. इथे 1981 मध्ये 'फॅट कॅट' नावाचा पब सुरू झाला, 1990 मध्ये त्याच्या आवारात केलम आयलंड ब्रुअरी निघाली आणि तिच्या 'पेल रायडर'ला 2004 मध्ये देशातली सर्वोत्तम बिअर म्हणून मान मिळाला. सरकारने 2002 पासून छोट्या उत्पादकांना करात सवलत दिली, तेव्हापासून तर गल्लोगल्ली ब्रुअरी निघाल्या. केलम आयलंड 2022 मध्ये बंद पडली, पण पेल रायडर शेजारच्या बेकवेलच्या थॉर्नब्रिजने जिवंत ठेवली. हीच थॉर्नब्रिज 2005 पासून 'जयपूर' नावाची आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडवट बिअर) काढते, आणि 2024 मध्ये तिने मार्स्टन्स या जुन्या ब्रुअरीचा मोडीत निघालेला 'बर्टन युनियन'चा एक संच मिळवला. ओकच्या पिंपांची रांग, वर पन्हळ, आंबताना उसळून येणारं यीस्ट त्या पन्हळीत जमा होतं आणि बिअर परत पिंपात उतरते, अशी ती व्हिक्टोरियन काळातली रचना. इथले लोक आपल्या बिअरबद्दल जितक्या आपुलकीने बोलतात तितक्याच आपुलकीने मालकीण हे सगळं सांगते. पण आधी ग्लास हातात देते, मग सांगते. हा क्रम महत्त्वाचा आहे. कित्येक ठिकाणी ग्लास येईपर्यंत तासभर इतिहास ऐकावा लागतो.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. प्रत्येकासमोर एरवी खाली फुगीर आणि वर निमुळता असा एकच ग्लास असतो. शेजारी पाण्याचा जग, साधी बिनमिठाची बिस्किटं आणि टेबलाच्या दोन्ही टोकांना एकेक बादली. उरलेली बिअर बादलीत ओतली तर कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट मालकीण स्वतःच सगळ्यांत आधी ओतते, म्हणजे पाहुण्यांची भीड चेपते. एका बिअरचं माप साधारण 120 मिली, आणि शेवटची कडक असेल तर 90. समोरच्या कार्डावर बिअरचं नाव, गाव, अल्कोहोलचं प्रमाण आणि त्या मापात किती युनिट (एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल) पोटात जाणार तो आकडा, हे सगळं छापलेलं असतं. आमच्या जानेवारीच्या सहा बिअरची बेरीज चार युनिटांच्या थोडी वर गेली होती, म्हणजे चार टक्क्यांच्या साध्या बिअरचे 568 मिलीचे दोन पाइंटही नाहीत. इथला आरोग्य विभाग आठवड्याला 14 युनिटांच्या आत राहा म्हणतो. हा हिशेब लपवून न ठेवता कार्डावरच छापणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. जो गाडी चालवणार असेल त्याला सहाही बिअरचा फक्त वास घेण्यापुरता थेंब मिळतो आणि प्यायला बिनअल्कोहोलची बाटली. त्याचं तिकीट निम्मं.

शाकाहारी मंडळींसाठी एक खास सांगायचं. इंग्लंडमध्ये पिंपातली बिअर नितळ करायला आयसिंगलास वापरायची जुनी पद्धत आहे, आणि ते माशांच्या वाताशयापासून करतात. बिअरमध्ये ते उरत नाही असं म्हणतात, पण ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. या दुकानात रॅकवरच्या किमतीच्या चिठ्ठीवरच तशी खूण असते. तिथेच कॅन कधी भरला ती तारीखही हाताने लिहिलेली असते. भरपूर हॉप्स घातलेल्या गढूळ आयपीएला ही तारीख फार महत्त्वाची, कारण तिचा फळांचा वास काही महिन्यांत उतरतो आणि मागे नुसता गोडसर कडवटपणा उरतो. पिकलेला माल ग्राहकाच्या गळ्यात न मारता ही बाई त्याची किंमत उतरवते आणि कारणही लिहिते.

मागच्या जूनमधल्या एका गुरुवारी तिने केलेला प्रयोग मला इथे जरा सविस्तर सांगायचा आहे. एकाच खोक्यातल्या, पारदर्शक काचेच्या दोन बाटल्या. एक दुपारपासून दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेली, दुसरी तळघरात. दोन्ही पुन्हा सारख्याच गार केल्या आणि कोणती कुठली ते न सांगता ओतल्या. पहिल्या ग्लासात फुलांचा हलका वास होता. दुसरा नाकाशी नेला आणि टेबलावरच्या निम्म्या लोकांनी मान मागे घेतली. उग्र, गंधकी, हिंगाकडे झुकणारा वास. रंग तोच, फेस तोच. मग तिने समजावलं: हॉप्समधून येणारे कडवट रेणू उजेडात तुटतात, बिअरमधलंच रायबोफ्लेविन (बी-2 जीवनसत्त्व) त्याला हातभार लावतं आणि त्यातून एक गंधकयुक्त रेणू तयार होतो. आपलं नाक या रेणूला इतकं तिखट आहे की अब्जांशाहून कमी प्रमाण असलं तरी तो कळतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पारदर्शक अजिबात नाही. कॅनला तर प्रश्नच येत नाही. त्या रात्री घरी जाताना मी दुकानाच्या खिडकीकडे नीट पाहिलं. काचेला आतून जाड कागद लावलेला आहे आणि खिडकीत मांडलेल्या सगळ्या बाटल्या रिकाम्या आहेत. इतकी वर्षं जात होते, पण त्यामागे हे कारण आहे हे तेव्हा उमगलं.

मी रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर जंतूंच्या प्लेटा बघायच्या. त्यामुळे यीस्टचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. ऑर्व्हालच्या संध्याकाळी तर मी प्रश्न विचारून मालकिणीला दमवलं असणार. बेल्जियममधल्या ऑर्व्हाल मठाची ही बिअर, 6.2 टक्के. मठातली ब्रुअरी 1931 ची. बाटलीत भरताना हिच्यात ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट असतं. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत 1904 मध्ये ज्याची ओळख पटली, आणि तीही मुरवलेल्या इंग्रजी बिअरमधून, तेच हे. नेहमीचं यीस्ट ज्या साखरा पचवू शकत नाही त्या हे सावकाश खात बसतं, म्हणून बाटली बंद असली तरी बिअर आत बदलत राहते. ऑर्व्हालच्या लेबलावर भरल्याची तारीख असते. मालकीण दर काही महिन्यांनी एक खोकं तळघरात बाजूला ठेवते. तिने आम्हाला दोन ग्लास दिले, एक जेमतेम तीन महिन्यांची आणि एक दीड वर्षाची. ताजी कडवट आणि तरतरीत, हॉप्सचा वास स्पष्ट. जुनीत तो वास मागे गेलेला, चव अगदी कोरडी, आणि घोडागाडीच्या चामड्याच्या सामानाला येतो तसला एक रापलेला वास. टेबलावर सरळ दोन तट पडले. मी जुनीच्या बाजूने. ओततानाही तिचा हात पाहण्यासारखा असतो: बाटली एकदा कलती केली की समोरचे सगळे ग्लास भरेपर्यंत सरळ करायची नाही, म्हणजे तळाचा गाळ वर येत नाही. जर्मन गव्हाच्या बिअरला याच्या बरोबर उलटं. शेवटचा इंचभर ठेवायचा, बाटली गोल फिरवायची आणि गाळासकट ओतायची.

गेल्या उन्हाळ्यात माझी आत्या सांगलीहून आली होती. आत्या बिअरच काय, सोडाही पीत नाही. पण गुरुवारी घरात एकटी बसायला तयार होईना, म्हणून मालकिणीला विचारलं. ती म्हणाली, जरूर आणा, फक्त वास घ्यायचे असतील तर तिकीट नको. त्या दिवशी धुराच्या बिअर होत्या. जर्मनीतल्या बाम्बर्गच्या श्लेंकर्ला ब्रुअरीची 'मेर्त्सेन' बिअर आली, 5.1 टक्क्यांची, गडद तांबूस. आत्याने ग्लास नाकाशी धरला आणि क्षणात म्हणाली, "अगं, हे तर धुरकटलेलं दूध! ओल्या लाकडावर तापवलं की येतो तो वास." मी भाषांतर करून सांगितलं. टेबलावरचे इंग्रज तोवर बेकन, सॉसेज वगैरे म्हणत होते. मालकिणीने फळ्यावरचं बेकन पुसलं नाही, पण त्याच्या वर आत्याचं दूध लिहिलं, आणि मग सांगितलं की बाम्बर्गला अजूनही माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, बीच लाकडाच्या जाळावर वाळवतात. धूर बाजूला ठेवून नुसत्या गरम हवेने वाळवायच्या भट्ट्या येण्याआधी लाकडावर वाळवलेल्या माल्टच्या कितीतरी बिअरना कमी-जास्त धूर लागायचाच. आत्या मान डोलवत ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "गुणाची आहे गं ही बाई. विचारते, आणि सांगितलेलं ऐकून घेते." मला या दुकानाचं याहून नेमकं परीक्षण लिहिता येणार नाही.

आता जानेवारीची संध्याकाळ. इथे बरेच लोक जानेवारीभर दारू सोडतात, त्यामुळे असल्या दुकानांना तो महिना जड जातो. डिसेंबरात मालकीण म्हणाली, तुमच्याकडे जानेवारीत काही सण असतो का? मी संक्रांतीबद्दल सांगितलं आणि तिथल्या तिथे ठरलं. सहा बिअर, सहा मराठी पदार्थ, सूत्रसंचालन माझं. मी पहिल्यांदाच असं काही करणार होते, पण तिने सगळी तयारी करून घेतली. आधीच्या रविवारी आम्ही दोघींनी बसून सगळ्या जोड्या खाऊन-पिऊन पाहिल्या. शेजारच्या कॅफेचं स्वयंपाकघर तिने मला एका दुपारपुरतं मिळवून दिलं. आणि अॅलर्जीच्या बाबतीत अजिबात सूट दिली नाही. ब्रिटनच्या कायद्यात ज्या 14 गोष्टी ठळक सांगाव्या लागतात त्यांत तीळ, शेंगदाणे, दूध आणि ग्लूटेनवालं धान्य हे सगळं आहे. संक्रांतीच्या ताटात दुसरं असतं काय! प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी, आणि तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला आधी निरोप.

जोड्या ठरवताना एका मुद्द्यावर आमचा बराच वाद झाला. भारतीय तिखट जेवणाबरोबर आयपीए द्यावी, असं इथे सर्रास मानतात. मला ते पटत नाही. हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. आणि नावात इंडिया असलं म्हणून ती आपल्या मिरचीसाठी जन्मली असं थोडंच आहे? लंडनच्या पूर्वेकडच्या बो ब्रुअरीचा हॉजसन ब्लॅकवॉलच्या गोदीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर माल पाठवायचा. पुढे 1820 च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावचे ब्रुअरीवाले त्यात उतरले, कारण बर्टनच्या जिप्समयुक्त कठीण पाण्यात कडवट बिअर स्वच्छ आणि करकरीत उतरते. ती मुंबई-कलकत्त्याला गेली ती तिथल्या साहेबांसाठी. सोल्जरांसाठी पोर्टर नावाची काळी बिअरही भरपूर जायची. रविवारी मी मालकिणीला भडंगाचा एक घास आणि जयपूरचा एक घोट दिला. तिने पाणी मागितलं. वाद मिटला.

शेवटी ठरलेला क्रम असा. सुरुवात पिल्सनर उर्केलने, 4.4 टक्के, 1842 पासूनची, सोबत कोथिंबीर वडी. तळलेल्या बेसनाचा तेलकटपणा ती घोटाघोटाला धुऊन काढते, आणि कोथिंबिरीचा वास तिच्या हॉप्सच्या वासाशी जुळतो. दुसरी श्नायडरची गव्हाची बिअर, टॅप 7. तिच्या यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, कडवटपणा नावाला. तिच्याबरोबर भडंग, लसूण भरपूर, मिरची नेहमीच्या निम्मी. कुरमुरे इंग्रजांना न्याहारीच्या डब्यातले माहीत, पण लसणाची फोडणी दिलेले कुणी खाल्ले नव्हते. पातेलं मधल्या मध्येच रिकामं झालं. तिसरी जयपूर, 5.9 टक्के, आणि तिच्याबरोबर मुद्दाम तिखट काहीच नाही. खारे दाणे आणि मालकिणीने आणलेलं मुरलेलं चेडर. चौथी श्लेंकर्ला. ही जयपूरच्या आधी ठेवली असती तर धूर जिभेवर बसला असता आणि पुढच्या हॉप्सचा वास कुणाला कळला नसता. श्लेंकर्लाबरोबर वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. वांगी गॅसच्या ज्योतीवर पार काळी होईपर्यंत भाजली होती. त्या भाजल्या सालीचा वास आणि ग्लासातला धूर एकमेकांत इतके मिसळले, की एका गृहस्थांनी भरितात बिअर घातलीय का म्हणून विचारलं. माझ्या मते सहापैकी सर्वांत सुरेख जोडी हीच. धुराच्या बिअरला मांसच हवं हा समज त्या दिवशी त्या टेबलापुरता तरी गेला.

मग गोडाकडे. बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाची दुबेल, 7 टक्के, आणि तिळाची वडी. ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठांतल्या या गडद बिअरमध्ये काळसर साखर पडते. तिचा मनुकांसारखा, किंचित जळका गोडवा आणि वडीच्या गुळाचा गोडवा एका जातीचे. भाजक्या तिळाने त्यांना खरपूसपणा येतो. शेवटी ल्यूइसच्या हार्वीजची इम्पीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउट, 9 टक्के, आणि गूळपोळी. पोळीवर तूप. ही स्टाउट सोपी नाही. काळीकुट्ट, दाट, आंबटसर, खमंग. नुसती प्यायली तर कित्येकांना पहिल्या घोटात जड जाते. पण तुपाचा गुळगुळीतपणा तिची धार बोथट करतो आणि पोळीचा अतिगोडपणा तिच्या कडवटपणाने आटोक्यात येतो. तिळगूळ वाटताना मी सगळ्यांकडून 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' म्हणवून घेतलं. यॉर्कशायरच्या उच्चारात ते ऐकायला फार गोड वाटलं.

मालकीण ही संध्याकाळभर टेबलाच्या टोकाला बसून होती आणि एकदाही मधे बोलली नाही. बिअर योग्य तापमानाला आणून देण्याचं काम मात्र तिने स्वतःकडे ठेवलं होतं. पिल्सनर फ्रिजमधून थेट. दुबेल आणि स्टाउट तासभर आधीच बाहेर काढून दहा-बारा अंशांवर आणलेल्या. याहून गार दिल्या असत्या तर निम्मी चव झोपूनच राहिली असती. पाहुण्याच्या हाती कार्यक्रम द्यायचा आणि तरी त्याच्या पाठीशी उभं राहायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या मी तिला तोंडावर सांगितल्या आहेत. पाठ नसलेल्या स्टुलांवर दोन तास बसणं पन्नाशीच्या पुढच्या माणसाला त्रासाचं आहे. स्वच्छतागृह एकच, तेही तळघरात, उंच पायऱ्या उतरून. ज्याला जिना चढवत नाही त्याच्यासाठी या संध्याकाळी जवळपास बंद आहेत, आणि एवढ्या आपुलकीने चालणाऱ्या ठिकाणी ही गोष्ट मला फार खटकते. सहा बिअरना एकच ग्लास हेही मला पसंत नाही. मधे विसळायला पाणी देतात, पण धुराच्या बिअरनंतर नुसतं विसळून भागत नाही. आमच्या संध्याकाळी मी हट्टाने दुसरा ग्लास लावायला लावला, आणि फरक सगळ्यांनाच कळला. एरवी खायला जे असतं ते चीज आणि 'पोर्क पाय' (डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री) यांच्यापलीकडे फारसं जात नाही. शाकाहाऱ्याला चीजच पुन्हा पुन्हा. आणि आंबट बिअरच्या संध्याकाळी, लॅम्बिक आणि गझ वगैरे, नवख्या माणसाने पहिल्याच फेरीत जाऊ नये. त्या दिवशी मालकिणीचा उत्साह इतका असतो की समोरच्याचं तोंड आंबलंय हे तिच्या लक्षात यायला वेळ लागतो.

बाटल्या विकण्यासाठीच हे सगळं चालतं, हे उघड आहे, आणि त्यात गैर काही नाही. त्या रात्री चाखलेल्या बिअरवर दहा टक्के सूट असते. पण काही न घेता उठलं तर कुणी वळून पाहत नाही. मी स्वतः बहुतेक वेळा एकच बाटली घेते. गर्दी दिसली की दुकानदार ज्या महाग बाटल्या पुढे करतात त्या इथे टेबलावर येतही नाहीत. आमच्या सहांपैकी एकही बाटली अशी नव्हती जी बेताच्या पगारात परवडू नये.

जायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकानात जाऊन नाव लिहा, फोनवर जागा धरत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याने उजेड, जुनी-ताजी, तापमान असल्या एखाद्या प्रयोगाची संध्याकाळ निवडावी. नुसत्या एका ब्रुअरीच्या संध्याकाळीपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं. जेवून जा. सेंट वगैरे लावून जाऊ नका, शेजारच्यालाही वास घ्यायचा असतो. शेवटची बस कोपऱ्यावरूनच सुटते, गाडी आणायची गरज नाही. पत्ता हवा असेल त्यांनी मला निरोप टाका. पुढच्या जानेवारीची संध्याकाळ आम्ही आत्ताच धरून ठेवली आहे. या वेळी उकडीच्या मोदकांचा आग्रह मालकिणीचा आहे, आणि त्याच्याबरोबर कोणती बिअर द्यायची हे अजून आमचं ठरलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर कळवा.